गाडीला रंग मारायचा नाही

जुन्या वाहनांचं दालन करतोय म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. गाड्या आणणार कुठून, आणि रंग कोणता देणार? पहिल्याचं उत्तर सोलापुरात सोपं आहे. गाड्या पडून आहेत. गोठ्यामागे, बंद कारखान्याच्या आवारात, वाड्याच्या चौकात. कुणी विकत नाही आणि कुणी मोडीतही घालत नाही. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र माझे सगळ्यांशी खटके उडाले.

मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवते. लेथ मशिनं नव्या इमारतीत गेल्यावर आमची जुनी पत्र्याची शेड रिकामी झाली आणि प्राचार्यांच्या डोक्यात आलं की तिथे बैलगाडीपासून बॅटरीच्या गाडीपर्यंत सगळं मांडावं. त्यांनी कल्पना दिली, शेड दिली आणि निधीचा विषय निघाला तेव्हा चहा मागवला.

आधी जमतील तेवढी संग्रहालयं बघून घेतली. हरियाणात तावडूला २०१३ साली सुरू झालेलं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. पालख्या, बैलगाड्या, मोटारी, रेल्वेचा डबा, अगदी विमानसुद्धा एका छपराखाली. ते पाहून मी घाबरलेच. तसलं काही आपल्या आवाक्यातलं नाही. मग पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय पाहिलं आणि धीर आला. एका माणसाच्या नादातून एवढं उभं राहतं, तर आमचं अख्खं खातं काहीतरी करेलच. (खातं म्हणजे मी, प्रयोगशाळा सहायक आणि शेवटच्या वर्षाची मुलं.)

पहिली आली बैलगाडी, मंद्रूपकडच्या एका शेतकऱ्याची. बापू म्हणतात त्यांना सगळे. पैशाचं विचारल्यावर म्हणाले, "पैसं कशाला? घेऊन जावा. फकस्त जळणात घालू नका." गाडीचं डावं चाक ठणठणीत होतं. उजव्याची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, निसटून कोठ्यात भिंतीला टेकवलेली होती. दोन आरे हलत होते आणि एका पुठ्याला चीर गेली होती.

इथे माझ्या विद्यार्थ्यांची गंमत सांगायला हवी. पिस्टन, गजन पिन, क्रँकशाफ्ट ही नावं त्यांना झोपेत विचारली तरी येतात. चाकाच्या मधला लाकडी गड्डा म्हणजे तुंबा, त्यातून निघतात ते आरे, आऱ्यांवर गोल बसतात ते पुठे, हे त्यांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांनाही माहीत नव्हतं. घरी गाडी आहे, पण ती टायरची. दुरुस्तीला आलेल्या सुतारअण्णांनी गाडीला हात लावायच्या आधी प्रत्येक भागाचं नाव सांगितलं आणि मुलांनी ते खडूने त्या त्या भागावर लिहिलं. जू, दांडी, साटा, आख. अण्णा अक्कलकोटच्या बाजूचे, मधूनच कानडीत जायचे. मग एक मुलगी मराठीच्या शेजारी कानडी नावही लिहायला लागली. पुढे आमच्या फलकांवर दोन्ही नावं राहिली ती त्यामुळेच.

चाक बाभळीचं होतं. फुटलेल्या पुठ्यापुरतं जुनं, वाळलेलं बाभळीचं लाकूड शोधण्यात बराच वेळ गेला, कारण वखारीत मिळतं ते ओलं असतं आणि ओल्या लाकडाचा पुठा बसवला तर उन्हाळ्यात आटून पुन्हा फट पडते. अखेर एका पडक्या गोठ्याची मेढ कामी आली. अण्णांनी नवा पुठा तासला. चीर गेलेला जुना मी टाकू दिला नाही, तो चाकाशेजारी ठेवलाय. नव्या पुठ्याच्या आतल्या बाजूला साल कोरलं, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी बघितलं तर मूळचा कोणता आणि आमचा कोणता हे कळावं. अण्णांना हे विचित्र वाटलं. "ताई, जोड दिसू नये म्हणून आमी आयुष्य घातलं, आन् तुमी दिसू दे म्हणताय."

आता धाव बसवायची. हे काम मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. लोहारमामा आले ते भाता घेऊन नाही, तर टेंपोत गोवऱ्या घालून. आधी त्यांनी पत्र्याची एक छोटी चकती चाकाच्या कडेवरून फिरवली. चकतीवर खुणेची एक रेघ होती, तिचे किती फेरे होतात ते मोजले. मग तीच चकती धावेच्या आतून फिरवली. धाव मोठी निघाली, चाक आटलं होतं ना! सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या वर चढतो, लाकूड सुकतं, पुठे आणि आरे आकसतात आणि लोखंडाची पट्टी सैल पडते. पूर्वी शेतकरी उन्हाळ्यात चाकं ओढ्यात नाहीतर हौदात बुडवून ठेवायचे ते याच कारणाने. बापूंच्या ओढ्याला पाणी राहिलं नाही तेव्हा धाव निसटली.

सोपा उपाय म्हणजे धाव कापायची, तुकडा काढायचा आणि वेल्डिंग करून जोडायची. मी थांबवलं. धावेवर मूळ जोड होता, ठोकून सांधलेला, एकावर एक चढलेली टोकं स्पष्ट दिसत होती. वेल्डिंगच्या कांडीआधीच्या काळातलं ते काम होतं आणि ते तसंच राहायला हवं होतं. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग दाबून आखूड करू. टाइम लागंल." जोड सोडून दुसऱ्या बाजूला वीतभर भाग लालभडक तापवला, तिथे धाव किंचित आत वाकवली, दोन्हीकडून पक्कड लावून घट्ट धरली आणि तो बाक घणाने ठोकून सपाट केला. तेवढ्या जागी लोखंड जाड होतं आणि परिघ कमी होतो. दोनदा तापवावं लागलं. मग पुन्हा चकती फिरवली. आता धाव चाकापेक्षा बोटभर लहान भरली. मामा म्हणाले, बास.

मुलांना मी फळ्यावर गणित घातलं. चाकाचा व्यास साधारण दीड मीटर, म्हणजे परिघ ४.७ मीटर. लोखंड एका अंशाला १ मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ५०० अंशांनी तापवलं तर परिघ वाढेल जवळपास २८ मिलिमीटर. दीड बोट. मामांनी न शिकता बोटभर कमी का ठेवलं ते सगळ्यांना दिसलं: तापल्यावर धाव चाकावर सहज बसायला हवी आणि थोडी जागा हातात राहायला हवी. एका मुलाने विचारलं, "मामा, टेंपरेचर किती झालं कसं कळतं?" मामांनी लाकडाची ढलपी धावेवर टेकवली. लगेच धूर निघून ढलपीने पेट घेतला. "असं कळतं."

गोवऱ्यांचं गोल आळं करून त्यात धाव आडवी ठेवली होती. चाक शेजारी जमिनीवर, तुंबा खड्ड्यात. तिघांनी तीन सांडशींनी धाव उचलली आणि चाकावर आणली. हे सगळं दोन-तीन श्वासांत उरकावं लागतं. धाव बसली तशी पुठ्यांनी सगळीकडून जाळ धरला, धुराचा लोट डोळ्यांत गेला, मामा ओरडले "पाणी!" आणि आम्ही बादल्या ओतल्या. मग जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही. लाकूड आतून कडाकडा बोलत होतं. सैल आरे तुंब्यात घुसत होते, पुठ्यांमधल्या फटी डोळ्यांदेखत मिटत होत्या. अण्णांनी आधी मुद्दाम ठेवलेली, पोस्टकार्ड जाईल एवढी फट गायब झाली. हाताने हलणारे आरे आता हातोडीनेही हलेनात. एकही खिळा न ठोकता.

पुठ्यांच्या कडा जरा करपल्या, त्या आम्ही तशाच ठेवल्या. आणि इथूनच रंगाचं भांडण सुरू झालं.

गाडी उभी राहिली तशी प्रत्येकाला ती सजवायची होती. संस्थेतल्या एका सद्गृहस्थांनी लाल-हिरव्या ऑइलपेंटचे डबे पाठवून दिले. "पाहुणे येतील, फोटो निघतील, गाडी कशी नव्यासारखी दिसली पाहिजे." प्राचार्यांनी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाचा दाखला दिला. १९९४ पासून लष्कराने तिथे रणगाडे मांडलेत, आणि काय चकाचक ठेवलेत! दाखला वजनदार होता, पण आमच्या गाडीला लागू नव्हता. रणगाडा सैन्यात असतानाच वेळोवेळी रंगवला जातो, रंग हा त्याच्या नोकरीचा भाग. बापूंच्या गाडीला जन्मात रंग लागला नव्हता. तिच्या दांडीवर जिथे बापू आणि त्याआधी त्यांचे वडील बसायचे, तिथे लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की हात फिरवल्यावर कळतं. जुवावर बैलांच्या माना घासून दोन खळगे पडलेत, आणि उजवा खळगा डाव्यापेक्षा खोल आहे. उजवीकडचा बैल जास्त जोराने ओढायचा की त्या जागी कायम थोराड बैल जुंपायचे, यावर बापू आणि त्यांच्या धाकट्या भावात आमच्या शेडमध्येच जुंपली. ऑइलपेंटचे दोन हात दिले असते तर हा वाद झालाच नसता.

शेवटी मी एका वाक्यात नियम मांडला आणि प्राचार्यांची सही घेतली: धूळ काढायची, कीड मारायची, मोडलेलं सावरायचं, रंग मारायचा नाही. लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात, तोही फडक्याने पुसून घेऊन. अण्णांचं म्हणणं करडईचं तेल लावा, आपल्याकडे तेच पिकतं. तेही सुकणारं तेल आहे, त्यामुळे म्हणणं चुकीचं नव्हतं, पण सुकायला ते जास्त वेळ घेतं आणि आमच्या शेडमध्ये धूळ फार. डबे पाठवणाऱ्या सद्गृहस्थांचाही मान राखला. त्यांच्या रंगाने शेडचं दार रंगलं.

टांग्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याचं काम थोडं आणि रडगाणं जास्त. स्टेशनबाहेर टांगे लागायचे ते आठवणारी पिढी अजून आहे, पण टांगा मिळाला तो चाकांविना. चाकं कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर शोभेला गेली होती आणि हॉटेलवाले देईनात. आम्ही टांगा लाकडी घोड्यांवर ठेवला, म्हणजे सुतारकामाच्या घोड्यांवर. बघायला येणारी पोरं त्यावरून विनोद करतात. पायाने वाजवायची घंटा मात्र शाबूत आहे. तिची पितळी टोपी पायदाबाच्या बाजूला झिजून पातळ झालीय. ती आम्ही ब्रासोने घासली नाही.

स्कूटरचा ताप वेगळा. १९८४ची बजाज चेतक, नवी पेठेतल्या एका कुटुंबाकडून. मालक वारले, मुलं पुण्यात. गाडी द्यायला सगळे एका पायावर तयार, पण कागद वडिलांच्या नावावर. नुसती दालनात उभी करायची असली तरी कागद नीट करून घ्यावेत असं माझं मत झालं, कारण उद्या तोच नंबर लावून कुणी दुसरी गाडी फिरवली तर जबाब द्यायला आपण. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो, मग पुढच्या हस्तांतराला २९ आणि ३०. वारसांच्या सह्या गोळा करण्यात एक दिवाळी गेली. कुणीतरी सुचवलं, "व्हिंटेज करून टाका ना." ते होत नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेलीच दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं, आणि रोजच्या कामाला ती गाडी काढायची नाही. आमची चेतक त्या हिशेबात अजून तरुण आहे.

तिच्यातलं पेट्रोल काढलं, टाकीच्या तळाशी टू-स्ट्रोकच्या ऑइलचा डिंक झाला होता. चाकं जमिनीला टेकू दिली नाहीत, नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटे होतात. पायाखालचा पत्रा आतून गंजला होता. चेतकला वेगळी चौकट नसते, तो पत्राच तिचा सांगाडा, म्हणून तिथे गंज थांबवणं भाग होतं, आणि तेवढ्या जागी आतून गंजरोधक लेप दिला. बाहेरचा फिका निळा रंग, पुढच्या ढालीवरचं "आईची कृपा", मागच्या सीटचा शिवलेला रेक्झिन, सगळं जसंच्या तसं. गाडी द्यायला आलेल्या मुलाने सवयीने ती बाजूला कलती केली, किक मारायच्या आधी करायचे तशी, आणि मग स्वतःच हसला.

चेतकच्या शेजारी बॅटरीवरची स्कूटर हवी हे पहिल्यापासून ठरलं होतं. चेतक हे नाव १९७२ला आलं, आणि २०२० साली तेच नाव बॅटरीच्या गाडीला परत आलं. ती नवी कोरी घेणं परवडेना. एकाने दुसऱ्याच कंपनीची अपघातातली इलेक्ट्रिक स्कूटर दिली. हिच्या बाबतीत मी सगळ्यात धास्तावले. बैलगाडी शंभर वर्षं उभी राहिली तरी पेट घेत नाही, लिथियम बॅटरीचं तसं नाही. अपघातात मार बसलेली बॅटरी शेडमध्ये ठेवायचीच नाही असं ठरवून ती योग्य ठिकाणी विल्हेवाटीला दिली आणि आत रिकामं खोकं ठेवलं.

पण मग दाखवायचं काय? मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे त्याच्या तुंब्यात, बंद. मोटारीला वीज सोडणारा कंट्रोलर एका काळ्या डबीत, तोही बंद. बैलगाडी कशी चालते हे अडाणी माणसालाही उभ्या उभ्या दिसतं, चेतकचं इंजिन उघडलं की मुलं अंदाज बांधतात, इथे मात्र डोळ्यांना काहीच धरायला मिळत नाही. आम्ही हब कापून उघडलं. आत तांब्याच्या तारांची गुंडाळी आणि कडेने चुंबकं. माझाच नियम मोडला असं प्राचार्य म्हणाले. मी म्हटलं, ही वस्तू आज हजारांनी फिरतेय, एक कापली म्हणून इतिहास बुडत नाही. बापूंची धाव कापली असती तर बुडाला असता. हे मत मी अजूनही बदललेलं नाही.

दालनातली सगळ्यात स्वस्त गोष्ट लोकांना सगळ्यात आवडते. रेल्वेचं काहीच मिळेना. बार्शी लाइट रेल्वे ही आपल्या जिल्ह्याची गाडी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ला कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू केलेली, १९०६ला पंढरपूरला पोचलेली, वारकऱ्यांची लाडकी. ती नॅरोगेज आता राहिली नाही, रूळ रुंद झाले. इंजिन आणणं शक्य नव्हतं, ठेवायला जागाही नव्हती. मग फरशीवर पांढऱ्या रंगाने रेघा मारल्या. दोन रेघा २ फूट ६ इंच अंतरावर, म्हणजे बार्शी लाइटचे रूळ. त्यांना कवेत घेणाऱ्या दोन रेघा ५ फूट ६ इंचांवर, म्हणजे आजचे ब्रॉडगेज. आणि त्याच जागी तिसऱ्या, तुटक रेघा: बापूंच्या गाडीची चाकोरी. पोरं येतात आणि बार्शीच्या रुळांत पाय फाकून उभी राहतात. चाकोरीपेक्षा रूळ अरुंद, हे पाहून मोठी माणसंही एकदा थबकतात. एक आजी, माहेर पांगरीचं, त्या रेघांकडे बघून म्हणाल्या, "एवढीशीच होती व्हय?" आणि मग गाडी चढावर इतकी हळू व्हायची की लोक उतरून पुन्हा चढायचे, ते साग्रसंगीत सांगितलं. फलकावर जे लिहायचं होतं त्यातलं निम्मं आजींनीच पुरवलं.

सध्या पंचाईत आहे ती जुगाडाची. उसाच्या हंगामात रस्ताभर दिसतं ते: ट्रॅक्टरमागे दोन छोट्या टायरगाड्या, एकीला एक जोडलेल्या, वर उसाचा डोंगर. इतक्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाहनांचं दालन करायचं आणि जुगाड ठेवायचं नाही, हे बरोबर नाही. मोहोळकडचा एक वाहतूकदार जुनं द्यायला तयार आहे, टोळीने बांधलेल्या दोरांसकट. आम्ही टेप घेऊन गेलो. रुंदी दारातून कशीबशी जाते, पण दोन्ही गाड्या जोडलेल्या ठेवल्या तर मागची अर्धी बाहेर अंगणात राहते. प्राचार्य म्हणतात एकच गाडी घ्या. एकच घेतली तर ती नुसती ट्रॉली झाली, जुगाड कसली? मागची भिंत विटांची आहे, आणि बांधकाम विभागाला अर्ज दिलाय.